जहाजाची गोष्ट मी सोडली

शिकागोच्या पश्चिम भागात एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. दुकान एका मोठ्या साखळीतलं, गिऱ्हाईक बहुतेक कृष्णवर्णीय, आणि काउंटरवरून सगळ्यांत जास्त जातात त्या बीपीच्या गोळ्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मला फार वर्षं अगदी पक्कं ठाऊक होतं. कुणी विचारलं की दोन मिनिटांत सांगून मोकळी व्हायचे. ते उत्तर मी आता देत नाही. त्याच्या जागी जे आलंय ते तितकं सुटसुटीत नाही, सांगायला वेळ लागतो, आणि ऐकणारा मध्येच चहा घ्यायला उठतो. म्हणून लिहूनच काढते.

माझं उत्तर होतं, यांचं रक्तच वेगळं आहे.

आकडे माझ्या बाजूने होते, म्हणजे तसं वाटायचं. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत १३०/८० ही मर्यादा धरून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी ५७.१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला. गोऱ्यांत ४३.६ टक्के. शिवाय यांच्यात तो लवकर सुरू होतो, जास्त चढतो, किडनी आणि मेंदूपर्यंत लवकर पोचतो. भारतातून फार्मसी करून आलेल्यांना इथे परवान्यासाठी परत परीक्षा द्याव्या लागतात. त्या अभ्यासात मी एक नियम पाठ केला होता: रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर पाण्याची गोळी किंवा अम्लोडिपिनच्या जातीचं औषध आधी, लिसिनोप्रिलसारखं एकटं देऊ नये. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही तो तसाच होता. त्याआधी २००५ साली तर 'बायडिल' नावाचं हृदयविकाराचं औषध फक्त कृष्णवर्णीयांसाठी म्हणून मंजूर झालं. एका वंशासाठी म्हणून मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. त्यात दोन जुनीच औषधं एकत्र केलेली होती आणि ती दोन्ही सुटी स्वस्तात मिळत होती. ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली तिच्यातले हजारभर रुग्ण सगळे कृष्णवर्णीयच होते. मग इतरांना ते लागू पडतं की नाही हे कळणार कसं? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. औषधाच्या डबीवर वंश छापून येतोय म्हटल्यावर रक्त वेगळं असल्याचा आणखी पुरावा काय हवा, असं मला वाटलं.

आणि या रक्ताला एक गोष्टही होती. गोष्ट जबरदस्त होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून गुलामांची जहाजं निघायची. खाली माणसं कोंबलेली, उकाडा, घाम, उलट्या, हगवण. अंगातलं मीठ-पाणी भराभर जायचं. ज्यांची शरीरं मीठ धरून ठेवू शकली तेवढे जगले, आणि जगलेल्यांचे वंशज म्हणजे आजचे आफ्रिकन-अमेरिकन. समुद्रात ज्या गुणाने वाचवलं तोच आता चिप्सच्या पुड्यापाशी घात करतो. थॉमस विल्सन आणि क्लॅरेन्स ग्रिम यांनी १९९१ साली 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात हे गृहीतक म्हणून मांडलं. पुढे तोंडातोंडी फिरताना त्यातलं 'गृहीतक' तेवढं गळालं. २००७ साली ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात डॉ. मेहमेत ऑझ यांनी कृष्णवर्णीयांना बीपी जास्त का असतं असं विचारलं, ओप्राबाईंनी हीच गोष्ट सांगितली, आणि डॉक्टरसाहेबांनी शाबासकी दिली. गोष्टीबरोबर अठराव्या शतकातलं एक चित्रही फिरत असतं. गुलाम विकत घेण्याआधी एक गोरा व्यापारी त्याच्या चेहऱ्याला जीभ लावून घामाची चव बघतो आहे. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

मला ही गोष्ट का आवडायची याचा मी नंतर विचार केला. एक तर ती सांगताना आपण अडाणी किंवा वर्णद्वेष्टे वाटत नाही. उलट गुलामगिरीबद्दल हळहळ व्यक्त करायची आयती संधी मिळते. आणि पाप तीनशे वर्षांपूर्वीचं, पापी मरून गेलेले, त्यामुळे आज कुणाला काही करायला लागत नाही. त्या गोष्टीत माझं दुकान नव्हतं, विमा कंपनी नव्हती, रस्ता नव्हता, भाडं नव्हतं. मी नव्हते. तिथे फक्त मीठ होतं.

दुसरं म्हणजे, सांगलीकडे लहानपणी "त्यांच्या रक्तातच आहे ते" हे वाक्य मी कितीतरी लोकांबद्दल ऐकलेलं आहे. कुणाबद्दल, ते मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. माणसाचं सगळं त्याच्या जन्मावरून समजावून सांगायची सवय मला अमेरिकेत लागली नाही. ती सामानात बरोबर आली. इथल्या आपल्या मंडळींत कृष्णवर्णीयांसाठी जो शब्द सर्रास वापरतात तो मी कधी वापरला नाही, याचा मला अभिमान होता. शब्द वापरत नव्हते, एवढंच.

जहाजाच्या गोष्टीला पहिला तडा एका इतिहासकाराने दिला, पण माझ्यापर्यंत तो फार उशिरा पोचला. फिलिप कर्टिन हे गुलामांच्या व्यापाराचे नावाजलेले अभ्यासक. त्यांनी १९९२ सालीच लिहिलं होतं की या गृहीतकाला इतिहासात आधार सापडत नाही. पश्चिम आफ्रिकेत मिठाचा दुष्काळ नव्हता. किनाऱ्यावर मीठ पिकवत, सहारातून तांड्यांबरोबर येई. जहाजावरच्या मृत्यूंची जी कारणं कागदोपत्री दिसतात त्यांतूनही "मीठ संपलं म्हणून मेले" असं निघत नाही. सुमारे सव्वा कोट माणसं जहाजांत भरली गेली, त्यांतली साधारण १५ टक्के वाटेत मेली. हा आकडा भयंकरच आहे, पण त्या एका प्रवासाने साऱ्या वंशजांची मूत्रपिंडं बदलून टाकली असं म्हणायला तो पुरत नाही.

मला खरा धक्का बसला तो मेवुडच्या आकड्याने. मेवुड म्हणजे शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर, आमच्या दुकानापासून गाडीने जवळच, तिथली काही कुटुंबं आमची गिऱ्हाइकं. तिथल्या लोयोला विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतले रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. गुलामांची जहाजं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने त्यांनी बीपी मोजलं, सगळीकडे एकाच पद्धतीने. १९९७ साली निकाल छापून आले. नायजेरिया आणि कॅमेरूनमध्ये उच्च रक्तदाब १६ टक्के प्रौढांना. कॅरिबियन बेटांवर २६ टक्के. मेवुडमध्ये ३३ टक्के. त्या वेळी मर्यादा १४०/९० ची होती, म्हणून हे आकडे आजच्यापेक्षा कमी दिसतात. जहाजातून वाचलेल्यांचेच वंशज जमैकातही आहेत आणि मेवुडमध्येही. मग बेटावर कमी आणि शिकागोत जास्त का?

एवढ्यावर मी म्हटलं असतं, बरं, आफ्रिकेत लोक बारीक असतात, चालतात, मीठ कमी खातात. (हे कूपर यांनीही म्हटलं आहे, आणि वजन-मिठाचा वाटा मोठा आहेच.) पण त्यांच्याच गटाने २००५ साली गोऱ्यांचे देशही तुलनेला घेतले. जर्मनीत ५५ टक्के. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत ४४. अमेरिकेतल्या गोऱ्यांत २७. नायजेरियात साडेतेरा. म्हणजे सगळ्यांत जास्त बीपी जर्मनांना. आता जर्मनांच्या पूर्वजांना कुठल्या जहाजात कोंबलं होतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी तशी गोष्ट रचायची गरजच कुणाला वाटली नाही.

मात्र आकड्यांनी मत बदलतं हे खोटं आहे. निदान माझं नाही बदललं. मी ते वाचले, "इंटरेस्टिंग" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर पुन्हा तीच बाई होते. आमच्या संगणकात प्रत्येक गिऱ्हाइकाने गोळ्या कधी नेल्या ते दिसतं. उशीर झाला की नाव लाल होतं. त्या लाल नावांबद्दल आम्ही आपापसांत जे बोलायचो त्याचा मथितार्थ असा, की एक तर रक्त असं, त्यात हे लोक औषध घेत नाहीत, मग होणार काय.

त्या लाल नावांत एक बसड्रायव्हर होता. पन्नाशी ओलांडलेला, दणकट, मोठ्या आवाजाचा, मला "डॉक" म्हणणारा. शिकागोहून इंडियानातल्या गोदामांपर्यंत कामगारांची ने-आण करणारी खाजगी बस तो चालवायचा. त्याचं अम्लोडिपिन वेळेवर जायचं. क्लोरथॅलिडोन, म्हणजे पाण्याची गोळी, हिची महिनाभराची बाटली तीन-साडेतीन महिने पुरवायचा. एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती म्हणून मी विचारलं, "ही एकच गोळी तुम्ही उशिरा का नेता?"

"गाडीवर असतो त्या दिवशी घेत नाही."

"का बरं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतलं सोपं गणित चुकणाऱ्या पोराकडे पाहतात. "डॉक, पन्नास माणसं मागे बसलीत, शिफ्टची वेळ झालीय. बस कुठे थांबवू?"

मग तो बोलत राहिला. गोदामाच्या आत ड्रायव्हरांना सोडत नाहीत. जवळच्या पेट्रोल पंपावरचा संडास बंद ठेवतात. म्हणून तो सकाळपासून पाणीही बेताने पितो. पाळी दोन तुकड्यांत, पहाटे आणि मग संध्याकाळी, त्यामुळे "रात्री घ्या" म्हणायचीही सोय नव्हती. रात्र म्हणजे त्याची चार-पाच तासांची झोप. आणि तरी त्याने गोळी पूर्णपणे सोडलेली नव्हती, त्याचं कारण वेगळंच होतं. व्यावसायिक ड्रायव्हरांच्या वैद्यकीय तपासणीत बीपी १४०/९० च्या खाली लागतं. १८०/११० च्या वर गेलं तर गाडी चालवताच येत नाही. तेव्हा तपासणीच्या आधीचे काही दिवस रजा घेऊन तो नेमाने गोळी घ्यायचा, पास व्हायचा आणि परत गाडीवर चढायचा. डॉक्टरला हे सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाला, डॉक्टर हात दाराच्या मुठीवर ठेवूनच बोलतो.

म्हणजे कृष्णवर्णीयांना आधी पाण्याची गोळी किंवा अम्लोडिपिन द्या, हा माझा पाठ केलेला नियम त्याच्या बाबतीत अगदी बरोबर पाळला गेला होता. फक्त पाण्याची गोळी आठवड्यातले पाच दिवस बाटलीत होती.

मला ऐकताना बाबा आठवत होते. बाबांना बीपी निघालं तेव्हा आमच्या घरात कारणांची रांग लागली होती. भावकीतला जमिनीचा दावा. बँकेतली बदली. ताईचं जमत नसलेलं लग्न. आजीचं लोणचं. आत्या म्हणायची, "दादा सगळं मनात ठेवतो, म्हणून." कुणी म्हणालं नाही की सांगलीकरांचं रक्तच तसं. आणि बाबासुद्धा पाण्याची गोळी चुकवायचे. दाव्याची तारीख असली की एस.टी.ने कोल्हापूरला जावं लागे, त्या दिवशी सकाळी ती गोळी पाकिटातच राहायची. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. एस.टी.त बसलेला माणूस दुसरं काय करणार? बाबांच्या बीपीला घर होतं, कोर्ट होतं, स्वभाव होता. माझ्या गिऱ्हाइकाच्या बीपीला मी एक वंश देऊन टाकला होता. औषध तेच, चुकवण्याचं कारणही तेच. बाबा समजूतदार, आणि हा लाल.

डॉक्टरांना फोन करून आम्ही त्याची गोळी बदलून घेतली. त्यात फार मोठं काही नाही, ते माझं कामच आहे. पण त्यानंतर मी त्या आकड्यांकडे परत गेले आणि या वेळी ते नीट वाचले.

त्या वाचनात मला शर्मन जेम्स भेटले. हे स्वतः आफ्रिकन-अमेरिकन, साथरोगशास्त्रातले संशोधक. १९७८ साली ते नॉर्थ कॅरोलायनातल्या एका निवृत्त शेतकऱ्याची मुलाखत घ्यायला गेले. शेतकऱ्याचा जन्म १९०७ चा, अर्धेलीने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या गरीब कुटुंबातला. शाळा दुसरीपर्यंत. लिहावाचायला स्वतःच शिकला. अर्धेलीत माणूस कर्जातून वर येऊ नये अशीच व्यवस्था असायची. तरी या माणसाने रात्रंदिवस राबून चाळिशीपर्यंत स्वतःची ७५ एकर जमीन केली. आणि पन्नाशी सरता सरता त्याला उच्च रक्तदाब होता, संधिवात होता, आणि पोटातल्या व्रणामुळे जठराचा ४० टक्के भाग काढून टाकावा लागला होता. मुलाखत चालू असताना बायकोने आतून जेवायला हाक मारली, तेव्हा जेम्सना त्याचं पूर्ण नाव कळलं: जॉन हेन्री मार्टिन. अमेरिकन लोककथेत जॉन हेन्री नावाचा कृष्णवर्णीय मजूर आहे. डोंगरात बोगदा खणताना तो हातोडा घेऊन वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि तिथेच मरून पडतो. जेम्सनी आपल्या कल्पनेला नाव दिलं 'जॉन हेन्रिझम'. साधनं नसताना केवळ जिद्दीच्या जोरावर परिस्थितीशी झुंजत राहण्याची शरीराला पडणारी किंमत, असा त्याचा अर्थ. पिट काउंटीतल्या पाहण्यांत शिक्षण-पैसा कमी आणि ही जिद्द जास्त, अशा लोकांत बीपी जास्त दिसलं. पुढच्या सगळ्याच पाहण्यांत ते सारखं दिसलेलं नाही, हेही खरं.

मला त्यातलं जे लागलं ते वेगळं. मी ज्यांना आळशी, बेफिकीर समजत होते त्यांच्यातले कितीतरी जण जॉन हेन्री मार्टिन होते. दोन नोकऱ्या करून नातवंडं सांभाळणाऱ्या बायका. पहाटे चारला बस पकडणाऱ्या, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या आया. आपल्या समाजात अशा माणसाचे सत्कार होतात. "शून्यातून वर आला" असं म्हणतो आपण, आणि त्याची बायपास झाली की म्हणतो, फार कष्ट उपसले हो त्यांनी.

वस्तीचंही तसंच. शिकागोत कुठला रस्ता ओलांडला की लोकांचा रंग बदलतो हे इथे पोराटोरांना ठाऊक असतं. अमेरिकेतल्या चार शहरांत २५ वर्षं चाललेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की कृष्णवर्णीयांच्या अगदी कोंडलेल्या वस्तीतून जे कायमचे बाहेर मिसळत्या वस्तीत गेले त्यांचं वरचं बीपी तीन ते पाच अंकांनी कमी राहिलं. हा निकाल २०१७ साली छापून आला. माणूस तोच, रक्त तेच, पत्ता बदलला. तीन-पाच अंक म्हणजे एखाद्या हलक्या गोळीएवढा परिणाम, असं मी फार्मासिस्ट म्हणून सांगू शकते.

खाण्याबद्दल मी जरा अडखळत लिहिते, कारण इथे माझ्या जुन्या मताला थोडा आधार आहे आणि माझ्या नव्या मित्रमंडळींना तो आवडत नाही. २०१८ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ सात हजार लोक होते, सुरुवातीला कुणालाच बीपी नव्हतं. नऊ-साडेनऊ वर्षांत कृष्णवर्णीयांपैकी ४६ टक्के आणि गोऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांना ते झालं. या फरकाचं सगळ्यांत मोठं कारण निघालं दक्षिणी पद्धतीचं जेवण: तळलेलं, खारवलेलं मांस, गोड पेयं. पुरुषांमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग त्या जेवणाने समजावता येतो. म्हणजे ताटात बरंच काही आहे. पण ताट रक्तातून येत नाही. शेतमालकाने टाकून दिलेल्या डुकराच्या तुकड्यांचं या लोकांच्या पणज्यांनी जेवण केलं, ते जेवण शिकागोपर्यंत रेल्वेने आलं, आणि आता आमच्या चौकात ताजी भाजी मिळायला दोन बस बदलाव्या लागतात, तर मिरचीवाले चिप्स आमच्याच दुकानात, बीपी मोजायच्या यंत्राच्या शेजारच्या मांडणीवर असतात. ती मांडणी हलवा म्हणून मी मॅनेजरला सांगून पाहिलं. ती जागा विकलेली असते म्हणे.

त्या यंत्राबद्दलही सांगायला हवं. त्याचा पट्टा एकाच मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो. बाल्टिमोरमध्ये झालेल्या आणि २०२३ साली छापलेल्या एका अभ्यासात, ज्यांना सगळ्यांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी साडेएकोणीस अंकांनी जास्त दिसलं. आमच्याकडे येणाऱ्या धिप्पाड माणसांना ते यंत्र किती वर्षं घाबरवत होतं, देव जाणे.

मला उमेद आली ती न्हाव्याच्या दुकानांमुळे. कृष्णवर्णीय पुरुषांचं न्हाव्याचं दुकान म्हणजे आपल्याकडचा पार. तिथे दर दोन आठवड्यांनी माणूस येतो, त्याच खुर्चीत बसतो, त्याच माणसाशी वर्षानुवर्षं बोलतो. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातले डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी अशी ५२ दुकानं घेतली आणि ३१९ पुरुष, सगळ्यांचं वरचं बीपी १४० किंवा त्याहून जास्त. निम्म्या दुकानांत न्हाव्यांनी फक्त सल्ला दिला, डॉक्टरकडे जा म्हणून. उरलेल्या दुकानांत फार्मासिस्ट जाऊन बसला. तिथेच बीपी मोजायचं, डॉक्टरांशी आधीच झालेल्या करारानुसार तिथेच औषध द्यायचं, वाढवायचं, बदलायचं. सहा महिन्यांनी सल्लावाल्यांचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं, फार्मासिस्टवाल्यांचं २७ अंकांनी. १३०/८० च्या खाली आलेले तिकडे ११.७ टक्के, इकडे ६३.६ टक्के. २०१८ च्या मार्चमध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी व्हिक्टर वारले.

याच माणसांबद्दल आम्ही म्हणत होतो, औषध घेत नाहीत. खुर्चीपाशी नेऊन दिलं तर घेतात. आणि व्हिक्टर यांच्या फार्मासिस्टांनी सुरुवात कशाने केली? अम्लोडिपिन, आणि त्याच्या जोडीला लिसिनोप्रिलच्या कुळातलं किंवा त्याच्या चुलत कुळातलं औषध. पाण्याची गोळी तिसरी. म्हणजे माझ्या पाठांतरात जे टाळायचं होतं ते औषध त्यांनी सुरुवातीपासूनच दिलं, फक्त एकटं नाही, जोडीने.

मी वरच्या साहेबांना हा अभ्यास पाठवला. चांगलाय म्हणाले. पैसे कोण देणार, म्हणाले. हे खरंच आहे. विमा कंपनी बाटलीचे पैसे देते, फार्मासिस्टच्या बोलण्याचे देत नाही.

आता माझी मुलगी. ती मेडिकलला आहे आणि तिचं मत पक्कं आहे की औषधोपचारात वंश हा शब्दच नको. मूत्रपिंडाचं काम मोजायच्या सूत्रात कृष्णवर्णीयांना वेगळा गुणक लावायचे, त्यामुळे त्यांची किडनी कागदावर आहे त्यापेक्षा बरी दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत ते मागे पडायचे. २०२१ साली तो गुणक काढून टाकला. ती मला हे ऐकवते तेव्हा मी मान डोलावते. पण पुढे आमचं वाजतं, कारण मी या टोकावरून त्या टोकाला गेलेले नाही. २००२ साली 'ऑलहॅट' या तेहेतीस हजार रुग्णांच्या चाचणीत लिसिनोप्रिलने सुरुवात केलेल्या कृष्णवर्णीयांना पाण्याच्या गोळीवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ४० टक्क्यांनी जास्त निघाला. ते मी डोळ्याआड करू शकत नाही. एपीओएल-१ नावाचं जनुक आहे. त्याचे दोन प्रकार आफ्रिकेतल्या 'झोपेच्या रोगा'च्या काही जातींपासून वाचवतात असं मानतात, पण आई आणि बाप दोघांकडून आले तर किडनी बिघडवण्याचा धोका वाढवतात. साधारण १३ टक्के आफ्रिकन-अमेरिकनांत असं असतं. ज्यांची किडनी "बीपीने गेली" असं आपण म्हणत होतो त्यांतल्या काहींची मुळात त्यामुळे गेली असणार, आणि बीपी नंतर आलं असणार. हे २०१० पासून माहीत आहे. म्हणजे रक्तात काही नाही असं नाही. पण ते १३ टक्क्यांत आहे, सगळ्यांत नाही, आणि ते त्वचेकडे बघून नाही, तपासणी करून कळतं.

"मग तू अजून लिसिनोप्रिलसाठी डॉक्टरला फोन करताना रंग का बघतेस?" ती विचारते.

मी म्हणते, कारण त्या गोळीने ओठ-जीभ सुजण्याचा धोका कृष्णवर्णीयांना कितीतरी जास्त आहे, आणि जीभ सुजून श्वास अडकला तर रात्री एक वाजता तिथे तुझं तत्त्व नसतं.

"जास्त आहे, पण बाकीच्यांना शून्य नाही ना? मग सगळ्यांनाच सांग."

याला मला उत्तर सुचलं नाही. म्हणून आता मी ती गोळी नेणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते: ओठ, जीभ, चेहरा सुजला तर गोळी बंद, आणि सरळ ९११. परवा एका गुजराती काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाटली काउंटरवर ठेवली आणि गोळी न घेताच निघून गेले. त्यांना दोनदा फोन करून समजूत घालावी लागली. मुलीला हे सांगितलं तर म्हणते, तुझी सांगायची पद्धत सुधार.